परिस्तानचा हरवलेला बुलबुल

या पाठाच्या नावातले दोन शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. बुलबुल मराठीतही बुलबुलच आहे. परिस्तान म्हणजे पऱ्यांचा देश, हे तर तुम्हांला सांगायला नको. या पाठात ज्या चित्रपटाची माहिती दिली आहे, त्याचे मूळ नाव 'बुलबुल-ए-परिस्तान' असे होते. उर्दूत मधला 'ए' जे काम करतो, तेच काम मराठीत 'चा' हा प्रत्यय करतो. फक्त शब्दांच्या जागा बदलतात. उर्दूत बुलबुल आधी येतो, मराठीत परिस्तान आधी येते.

हा चित्रपट १९२६ साली मुंबईत तयार झाला. तो एका बाईने दिग्दर्शित केला होता. त्यांचे नाव फातमा बेगम. भारतात चित्रपटाचे दिग्दर्शन करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव आज इतिहासात घेतले जाते. पण ज्या चित्रपटामुळे हे नाव घेतले जाते, तो चित्रपट मात्र आज पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही.

चित्रपट हरवतो म्हणजे काय होते? पुस्तक हरवले तर दुसरी प्रत विकत आणता येते. मग चित्रपट कसा हरवेल, असे तुम्हांला वाटेल. हे समजण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जायला हवे.

त्या काळी चित्रपट मुके होते. पडद्यावरची माणसे ओठ हलवत, पण आवाज येत नसे. म्हणून त्यांना मूकपट म्हणत. गोष्ट कळावी यासाठी मध्येच पडद्यावर लिहिलेल्या ओळी येत. या पाट्या पुष्कळदा हिंदी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा तीनचार भाषांत असत. म्हणजे एकच चित्रपट गिरगावातला माणूस आणि भेंडीबाजारातला माणूस शेजारी शेजारी बसून पाहू शकत असे. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी कोणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याजवळ पेटी आणि तबला वाजत असे. म्हणून मूकपटाचे थिएटर काही शांत नसे! प्रेक्षकही टाळ्या आणि शिट्ट्या वाजवून आपला वाटा उचलत.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामती राणीचे काम कोणी केले होते, ठाऊक आहे? साळुंके नावाच्या एका तरुणाने. हा तरुण आधी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता. चित्रपटात काम करायला बायका तयार होत नसत, म्हणून पुरुषच लुगडे नेसून उभे राहत. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींनी काम केले. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. पण त्यांच्यानंतरही पुष्कळ वर्षे चित्रपटात काम करणाऱ्या बाईकडे लोक चांगल्या नजरेने पाहत नव्हते.

अशा वेळी फातमा बेगम पुढे आल्या. त्या आधी उर्दू रंगभूमीवर काम करत असत. नाटकातले लांब लांब संवाद म्हणण्याची त्यांना सवय होती. चित्रपटात मात्र तोंडातून शब्द काढून उपयोग नव्हता. जे सांगायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी सांगायचे. १९२२ साली आर्देशीर इराणी यांच्या 'वीर अभिमन्यू' या चित्रपटात त्यांनी प्रथम काम केले. आर्देशीर इराणी हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे. फातमा बेगम यांच्या तीन मुली होत्या : सुलताना, झुबेदा आणि शहजादी. आईच्या मागोमाग त्याही पडद्यावर आल्या. झुबेदा चित्रपटात आली तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती.

चार वर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम केल्यावर फातमा बेगम यांनी एक धाडस केले. १९२६ साली त्यांनी 'फातमा फिल्म्स' ही स्वतःची कंपनी काढली. कंपनीला नावही स्वतःचेच दिले. दोन वर्षांनी तिचे नाव 'व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स' असे झाले. जरा विचार करा. त्या वेळी पडद्यावर उभे राहणे हीच बाईसाठी मोठी गोष्ट होती. इथे तर एक बाई कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून नट, कारागीर, कॅमेरावाले अशा सगळ्यांना हुकूम देत होती. पैसा तिचा, कंपनी तिची, शब्दही तिचा. या कंपनीचा पहिला चित्रपट म्हणजे 'बुलबुल-ए-परिस्तान'. त्यात झुबेदा आणि सुलताना या दोघी बहिणींनी काम केले.

पऱ्या, जिन, जादू आणि साहस यांच्या गोष्टी त्या काळी लोकांना फार आवडत. तुम्ही आजीकडून 'गुल-ए-बकावली' किंवा 'अलिफ लैला' यांतल्या गोष्टी ऐकल्या असतील. त्याच गोष्टी तेव्हा नाटकात आणि चित्रपटातही येत असत. १९२४ साली अमेरिकेत 'बगदादचा चोर' नावाचा साहसपट निघाला. त्यात उडता गालिचा होता आणि पंख असलेला घोडाही होता. १९२७ साली सरकारने चित्रपटांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. भारतात सर्वांत लोकप्रिय ठरलेला परदेशी चित्रपट म्हणून या समितीच्या अहवालात 'बगदादचा चोर' याचेच नाव आहे. असा तो काळ होता. अशा प्रेक्षकांसाठी फातमा बेगम यांनी आपले परिस्तान उभे केले.

या चित्रपटावर खर्च मोठा झाला होता आणि त्यात कॅमेऱ्याच्या करामती भरपूर होत्या, असे चित्रपटांच्या इतिहासात नमूद आहे. आज अशा करामती संगणकावर होतात. तेव्हा संगणक नव्हता. मग परी हवेत नाहीशी कशी होई? मूकपटांत वापरली जाणारी युक्ती सोपी होती, पण ती करायला फार संयम लागे. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत. परीला नाहीसे करायचे असेल, तर दिग्दर्शक "थांबा!" असे ओरडे. कॅमेरावाला दांडा थांबवी. बाकीचे नट जिथल्या तिथे पुतळ्यासारखे उभे राहत. परी झालेली नटी हळूच बाजूला निघून जाई. मग दांडा पुन्हा फिरू लागे. पडद्यावर पाहताना वाटे, परी डोळ्यांदेखत गेली! मध्ये कोणी नुसता हात जरी हलवला, तरी सगळी मेहनत वाया जाई.

दुसरी युक्ती याहून अवघड होती. काळ्या पडद्यापुढे एका माणसाचे चित्र घेत. मग तीच फीत मागे गुंडाळून तिच्यावरच दुसरे चित्र घेत. त्यामुळे राजवाड्याच्या छतावरून परी उडते आहे, किंवा माणसाच्या तळहातावर बोटाएवढी परी नाचते आहे, असे दाखवता येई. किती फूट फीत मागे न्यायची, हे कॅमेरावाला दांड्याचे फेरे मोजून ठरवी. एक फेरा चुकला की परी छताऐवजी भिंतीत घुसे. आपले फाळकेही अशा युक्त्यांत पटाईत होते. त्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' आज पाहायला मिळतो. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. तो पाहिला की त्या काळच्या कारागिरीची कल्पना येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढ्या मेहनतीने केलेला चित्रपट गेला कुठे?

चित्रपटाची फीत त्या काळी नायट्रेट नावाच्या पदार्थाची असे. हा पदार्थ आणि बंदुकीत वापरतात ती स्फोटक दारू, ही रसायनशास्त्रात एकमेकांची नातेवाईक आहेत. नायट्रेटची फीत पेटली की क्षणात भडकते. जळताना ती स्वतःच प्राणवायू सोडते. त्यामुळे ती पाण्यात बुडवली तरी जळत राहते. ती पेटली नाही तरी सुखाने राहत नाही. मुंबईसारख्या दमट हवेत ठेवली, की आधी चित्र फिके पडते. मग फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात. शेवटी डबा उघडला तर आत तपकिरी भुकटी सापडते. जगभर १९५१ सालाच्या सुमारास ही फीत बंद झाली आणि तिच्या जागी न भडकणारी फीत आली.

पण सगळा दोष हवेला आणि आगीला देऊ नका. माणसांचा दोष त्याहून मोठा आहे. कृष्णधवल फितीवर जे चित्र दिसते, ते खरोखरच चांदीचे असते. चांदीचे अगदी बारीक कण फितीवर कमीअधिक दाट बसतात आणि त्यांतून राजा, परी, घोडा, झाड असे सगळे उमटते. रसायनात धुतली की फितीवरून चांदी सुटते. चांदी सुटली म्हणजे चित्रही गेले. एका रिळात साधारण हजार फूट फीत असते. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे एका रिळात सोळा हजार चित्रे झाली! अशी कितीतरी रिळे जुन्या काळी चांदीसाठी धुतली गेली.

एवढी मौल्यवान वस्तू लोकांनी अशी का धुऊन टाकली? कारण त्यांच्या दृष्टीने ती मौल्यवान नव्हतीच. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि मुक्या चित्रपटाला कोणी विचारेना. थिएटरवाले तो लावीनात. जुन्या प्रती आधीच गावोगाव फिरून, तंबूतल्या थिएटरांत चालून ओरखड्यांनी भरल्या होत्या. त्या गोदामात ठेवायच्या म्हणजे भाडे भरा आणि आगीची भीतीही बाळगा. मालकाने हिशेब केला. त्याला त्या डब्यांत परिस्तान दिसले नाही, चांदी दिसली. आपण त्याच्या जागी असतो, तर आपणही कदाचित तोच हिशेब केला असता. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले आज पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपाने उरलेले चित्रपट तीसच्या आतबाहेर आहेत.

आता आर्देशीर इराणी पुन्हा येतात. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' हा त्यांनीच काढला. १४ मार्च १९३१ रोजी तो मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. स्टुडिओजवळून रेल्वे जात असे. गाड्यांचा खडखडाट आवाजात मिसळू नये म्हणून त्याचे चित्रीकरण पुष्कळसे रात्री केले. या चित्रपटाची नायिका कोण होती? आपली झुबेदा! आईने मूकपटात दिग्दर्शिकेचे दार उघडले आणि पाच वर्षांनी मुलगी पहिल्या बोलपटाची नायिका झाली.

नायक होते मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवार फिरवणारे, घोड्यावरून उड्या मारणारे ते मोठे साहसी नट होते. पण त्यांची अडचण अशी झाली, की त्यांना हिंदुस्तानी भाषा नीट बोलता येत नव्हती. मग नायकाला पुष्कळ वेळ गुंगीत असल्यासारखे दाखवून त्यांचे संवाद कमी केले. दुसरी भाषा शिकताना जीभ कशी अडखळते, हे तुम्हांला माहीत आहेच. तेव्हा मास्टर विठ्ठलांना हसू नका!

'आलम आरा' तरी उरला असेल, असे तुम्हांला वाटेल. तोही उरला नाही. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथे पी. के. नायर नावाचे गृहस्थ होते. जुना चित्रपट म्हटला की हा माणूस तहानभूक विसरत असे. पत्ता मिळाला की निघाला, मग ते नाशिक असो की कोलकाता. नाशिकला फाळके यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी जुन्या फितींचे तुकडे मिळवले. 'कालिया मर्दन' आपल्याला पाहता येतो, तो त्यांच्यामुळे. नायर आर्देशीर इराणी यांनाही भेटले होते. काही रिळे स्टुडिओत कुठेतरी पडलेली असतील, असे वृद्ध इराणी म्हणाले. पण त्यांच्या मुलाने नायर यांना बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. 'आलम आरा'ची रिळे चांदीसाठी केव्हाच देऊन टाकली होती. वडिलांना हे कसे सांगायचे, म्हणून तो गप्प होता. ही हकीकत नायर यांनीच पुढे सांगितली.

जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या फितींच्या गोदामाला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली. तेव्हा 'आलम आरा' त्या आगीत गेला, असेही काही ठिकाणी छापून आले. ते खरे नव्हते. तो पुण्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

अशा रीतीने आईचा पहिला चित्रपट आणि मुलीचा सर्वांत गाजलेला चित्रपट, दोन्ही गेले. मला यात एक गोष्ट फार लागते. फातमा बेगम यांचे निधन १९८३ साली झाले आणि झुबेदा यांचे १९८८ साली. म्हणजे पुण्याला संग्रहालय सुरू झाले तेव्हा या दोघी हयात होत्या. चित्रपट गेला होता, पण तो करणारी माणसे होती. ती परी कशी उडवली, कॅमेरा कोणी धरला, पहिल्या दिवशी स्टुडिओतली माणसे एका बाईचा हुकूम ऐकताना कशी वागली, हे सारे त्यांच्या तोंडून लिहून घेता आले असते.

फातमा बेगम यांनी पुढे आणखीही चित्रपट दिग्दर्शित केले. १९२९ सालचा 'गॉडेस ऑफ लक' हा त्यांतला एक. मूकपटांचा काळ संपल्यावर त्या काही बोलपटांत नटी म्हणून दिसल्या आणि मग चित्रपटापासून दूर झाल्या. आज त्यांची ओळख राहिली आहे ती काही छायाचित्रांत आणि चित्रपटांच्या याद्यांत. यादीत एक ओळ असते : नाव, साल, कंपनी, नटनट्या.

तरी शोधणारी माणसे थांबलेली नाहीत. जर्मनीतल्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या प्रसिद्ध मूकपटाचे बरेचसे भाग हरवले होते. ते २००८ साली कुठे सापडले? अर्जेंटिनात, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! आपल्याकडेही असे घडले आहे. कोलकात्याला तयार झालेला 'बिल्वमंगल' हा १९१९ सालचा मूकपट कायमचा गेला, असे समजत होते. त्याचा काही भाग फ्रान्समधल्या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि २०१६ साली त्याची प्रत पुण्याला आली. फ्रान्समध्ये कोणीतरी तो डबा फेकून न देता वर्षानुवर्षे थंड जागेत ठेवला होता, म्हणून हे झाले.

मुंबईतले चित्रपट त्या काळी ब्रह्मदेश, सिलोन, पूर्व आफ्रिका अशा ठिकाणीही जात असत. आपल्याकडेही जुन्या थिएटरांची गोदामे आहेत, पोटमाळे आहेत, रद्दीची दुकाने आहेत. तुमच्या गावात एखादे जुने थिएटर बंद पडले असेल, किंवा कोणाच्या घरी आजोबांनी जपलेली चित्रपटाची जाहिरात असेल. जुना पत्र्याचा गोल डबा दिसला, तर तो आपण होऊन उघडू नका आणि विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नका. शिक्षकांना सांगा. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात अशा डब्यांची तपासणी करणारी जाणकार माणसे आहेत.

शब्दार्थ
करामत – कौशल्याचे काम, चमत्कार वाटावा अशी युक्ती
फीत – लांब पट्टी. येथे, चित्रपटाची पट्टी
दमट – ओलसर
भुकटी – बारीक पूड
गुंगी – अर्धवट शुद्ध
हयात – जिवंत
पोटमाळा – छताखालची सामान ठेवण्याची जागा

स्वाध्याय
१. मूकपट पाहताना प्रेक्षकांना गोष्ट कशी समजत असे?
२. परी नाहीशी करण्याची युक्ती तुमच्या शब्दांत सांगा.
३. 'मालकाला त्या डब्यांत परिस्तान दिसले नाही, चांदी दिसली.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पुढील शब्द 'चा, ची, चे' यांपैकी योग्य प्रत्यय लावून मराठीत लिहा : दर्द-ए-दिल, शान-ए-वतन, सदा-ए-बुलबुल.
५. पडदा, हुकूम, हिशेब, हकीकत, जादू हे शब्द उर्दूत आणि मराठीतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचा उच्चार किंवा अर्थ दोन्ही भाषांत कुठे बदलतो ते वर्गात सांगा.
६. तुमच्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला त्यांनी पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाविषयी विचारा आणि ती माहिती दहा ओळींत मराठीत लिहून आणा.